पळायला आणि गड चढायला हलकं पावसाळी जॅकेट कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे. पुण्यात राहता, आठवड्यातून तीन दिवस सकाळी पळता, रविवारी सिंहगड चढता आणि यंदा साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायचा विचार आहे. जूनपासून जानेवारीपर्यंत चालेल असं एकच हलकं जॅकेट हवंय, चार हजारांच्या आत. दुकानात एकाच्या लेबलवर पाणी अडवण्याचा आकडा 5,000 लिहिलाय, दुसऱ्यावर 10,000, तिसऱ्यावर 20,000; विक्रेता म्हणतो, आकडा मोठा तितका माल चांगला. आणि घरात एक जुनं विंडचीटर आहे, ते हल्ली आतून ओलं होतं. ते टाकून द्यावं का?

मी अठरा वर्षं सह्याद्रीत पावसाळी ट्रेक नेतेय आणि नव्याने पळायला लागलेल्यांना शिकवतेय. हा प्रश्न दर मे महिन्यात येतो, आणि बहुतेक जण पैसे चुकीच्या गोष्टीवर घालवून बसलेले असतात. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं मागून. 10,000 च्या वरच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका. तेच पैसे बगलेतल्या चेनसाठी, नीट बसणाऱ्या टोपीसाठी आणि शिवणीवरच्या टेपसाठी मोजा. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा: आपल्या पावसाळ्यात पळताना किंवा चढताना तुम्हाला कोरडं ठेवेल असं जॅकेट नाही. 20,000 आकड्याचंही नाही. जॅकेट घ्यायचं ते भिजू नये म्हणून नव्हे, भिजल्यावर अंग गार पडू नये म्हणून.

हे नीट समजलं की निवड सोपी होते, त्यामुळे यावर जरा थांबते.

साधारण 70 किलो वजनाचा माणूस ताशी 10 किलोमीटरने पळतो तेव्हा तासाला सातशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. त्यातला जेमतेम पाव हिस्सा पाय उचलण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. ती बाहेर टाकायला शरीर घाम काढतं, तासाला लिटरभर सहज. हा घाम वाफ होऊन जॅकेटच्या कापडातून बाहेर जायला हवा. ‘ब्रीदेबल’ म्हणून जे विकलं जातं ते हेच.

आता अडचण इथे आहे. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबात फरक असतो म्हणून. अंगाजवळची हवा 35 अंशांची आणि घामाने गच्च भरलेली धरा. तिथे वाफेचा दाब साधारण 56 हेक्टोपास्कल असतो. बाहेर 5 अंशांची बोचरी थंडी असेल, तर पाऊस पडत असतानाही हवेतल्या वाफेचा दाब 9 च्या वर जात नाही. फरक 47 चा. वाफ झरझर निघून जाते. आता जुलैतला सिंहगड घ्या. 24 अंश, ढग रस्त्यावर उतरलेला, हवा पाण्याने संपृक्त. बाहेरचाच दाब 30. फरक उरला 26. म्हणजे तेच जॅकेट, तेच कापड, तोच आकडा, पण ढकलणारा जोर निम्म्यावर आला. वर मुसळधार पावसात कापडाचा बाहेरचा थर पाणी पिऊन बसला की वाफेची वाट आणखी अडते.

श्वास घेणाऱ्या कापडाची ही विद्या थंड मुलखातली आहे. गोअर-टेक्स या पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या प्रसिद्ध कापडाचं मूळ असलेला ताणलेल्या टेफ्लॉनचा पडदा बॉब गोअर यांना अमेरिकेत 1969 मध्ये सापडला आणि त्याची जॅकेटं 1976 पासून बाजारात आली. थंड डोंगरात ती उत्तम चालतात. माझी बहीण एडिंबरात राहते. तिने मला तिथून तीन थरांचं एक सुंदर जॅकेट आणून दिलं होतं. तिच्याकडे गेले तेव्हा दिवसभराच्या पावसात त्यातून पाच तास चालले, आतला टी-शर्ट बाहीच्या टोकापर्यंत कोरडा. तेच जॅकेट जुलैत ताम्हिणीत घातलं आणि पहिल्या चढाला वीस मिनिटांत बाहीतून कोपरापाशी घामाचं पाणी साचलं. हात खाली केला तर मनगटातून धार. जॅकेटमध्ये कुठेही दोष नव्हता. हवा वेगळी होती.

आपल्याकडच्या लोकांना हे कापडाचं शास्त्र न शिकताही ठाऊक होतं. कोकणात, मावळात भातलावणीला जाणारी माणसं इरलं घ्यायची. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. पाठ झाकलेली, पुढची बाजू सताड उघडी. वाकून आवण लावणाऱ्या बाईच्या पाठीवर पाऊस यायचा आणि पोटाकडून वारा खेळायचा. कष्टाचं काम दिवसभर करायचं असेल तर अंगाला हवा लागली पाहिजे, हा विचार त्यात पुरता उतरलेला आहे. जॅकेट हातात घेऊन बघताना मी आजही पहिला प्रश्न हाच विचारते: याला हवा कुठून?

त्याचं सरळ उत्तर म्हणजे बगलेतली चेन. हाताच्या खालून कमरेच्या दिशेने जाणारी, किमान एक वीत उघडणारी. ती उघडी ठेवून चाला. हात खाली असल्यामुळे पाऊस फारसा आत येत नाही आणि गरम हवा सरळ बाहेर पडते. कापडाचा आकडा 5,000 चा 20,000 झाला तरी जितका फरक पडत नाही तितका या दोन फटींनी पडतो. काही हलक्या जॅकेटांत चेनऐवजी पाठीवर आडवी झडप असते, तिच्याखाली जाळी. पळण्यासाठी तीही चांगली, पण पाठीवर सॅक असेल तर झडप दाबली जाते आणि काही उपयोग राहत नाही. तुम्ही सिंहगडावर सॅक घेऊन जाता, म्हणून तुम्हाला बगलेतलीच हवी. पुढची चेन दोन्ही टोकांनी उघडणारी मिळाली तर उत्तमच: खालून बेंबीपर्यंत उघडायची, वरून छाती बंद. खिशांचं अस्तर जाळीचं असेल तर खिसे उघडे टाकूनही हवा खेळते.

आता आकड्यांचं. 10,000 म्हणजे दहा हजार मिलिमीटर. त्या कापडावर नळी उभी करून पाणी भरत गेलं, तर दहा मीटर उंचीच्या स्तंभाचा दाब येईपर्यंत थेंब पलीकडे झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. पावसाचा थेंब कितीही जोरात येऊ दे, एवढा दाब तो देत नाही. दाब येतो सॅकच्या पट्ट्याखाली खांद्यावर आणि ओल्या दगडावर बसलात की बुडाखाली. त्यासाठी 10,000 पुरेसे आहेत. आल्प्समधल्या यूटीएमबीसारख्या शर्यतीत, जिथे पळणारे रात्रभर बर्फाळ पावसात असतात, तिथेही सक्तीच्या सामानातल्या जॅकेटसाठी याच आकड्यापासून सुरुवात होते. 5,000 वालं फक्त शहरात पळण्यासाठी चालेल. सॅक लावली की खांदे भिजतात.

दुसरा आकडा श्वास घेण्याचा, ग्रॅममध्ये दिलेला असतो: एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत किती ग्रॅम वाफ गेली. हा आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत मोजलेला असतो आणि मोजायच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. 10,000 च्या आसपास असला की मी पुढे बघत नाही.

आकड्यांपेक्षा मी शिवणी आधी बघते. जॅकेट उलटं करा. प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंदीची चकचकीत टेप चिकटवलेली दिसली पाहिजे, खांद्यावर, टोपीला, बगलेत, खिशांभोवती, सगळीकडे. काही स्वस्त जॅकेटांत फक्त खांद्याला आणि टोपीला टेप असते आणि लेबलवर मात्र ‘वॉटरप्रूफ’ असतं. सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. कापडाचा आकडा वीस हजार असो की पन्नास. टेपवरून नख फिरवून बघा, कडा सुटत असेल तर ते जॅकेट नकोच. पुढची चेन रबरी लेपाची असावी किंवा तिच्यामागे तीन बोटं रुंद पट्टी असावी.

थर हा शब्दही कानावर पडला असेल. दोन थरांत बाहेरचं कापड, त्याला आतून चिकटवलेला पडदा आणि मग सुटं जाळीचं अस्तर. जाडजूड, शहरात मिरवायला ठीक. तीन थरांत सगळं एकसंध चिकटवलेलं; टिकाऊ, अंगाला सुखद आणि महाग. अडीच थर म्हणजे अस्तराच्या जागी आतून नुसता बारीक नक्षीचा लेप. सगळ्यांत हलकं, मुठीत मावेल असं, आणि तुमच्या पैशांत बसणारं. त्याची खोड एकच, ओलं झालं की उघड्या हाताला चिकटतं. आतून पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला की तीही जाते.

तो टी-शर्ट सुती नको. कापूस पाणी धरून ठेवतो आणि तासन्‌तास सोडत नाही. पॉलिएस्टरचा पातळ, अंगाशी बसणारा घ्या. लोकरीचा पातळ मिळाला तर त्याहून बरा, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते. घाटमाथ्यावरचे धनगर भर पावसात घोंगडी पांघरून मेंढरांमागे फिरतात ते उगाच नाही.

जॅकेट कशासाठी, हे मला एका प्रसंगाने शिकवलं. जुलैचा शेवट, हरिश्चंद्रगड, खिरेश्वरकडून तोलार खिंडीने. आमच्यात विशीतला एक मुलगा होता, तब्येतीने सगळ्यांत दणकट. अंगात सुती टी-शर्ट, वर स्कूटरवर घालतात तसला जाड प्लास्टिकचा रेनकोट, गळ्यापर्यंत बंद. खिंडीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे. खिंडीनंतरचा कातळ चढून पठारावर आलो तेव्हा त्याच्या रेनकोटच्या आत बादलीभर घाम होता. मग कुणाच्या तरी बुटाचा तळ सुटला म्हणून आम्ही वीस मिनिटं थांबलो. वर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. रेनकोट अवजड झाला म्हणून त्याने तो काढून सॅकवर बांधला. मी बुटाला दोरी बांधण्यात गुंतले होते. वर पाहिलं तेव्हा तो चिक्कीचं पाकीट फोडायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते जमत नव्हतं. बोटं पाकिटावरून घसरत होती. मी नाव विचारलं तर उत्तर जड जिभेने आलं.

तापमान तेव्हा अठरा-एकोणीस अंशांच्या खाली नसावं. लोकांना वाटतं गारठून जायला बर्फ लागतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता काढून नेतं. त्याला वाऱ्याची जोड मिळाली की अठरा अंशही पुरतात. आम्ही त्याचा टी-शर्ट काढला, माझ्या सॅकमधला कोरडा लोकरी बनियन घातला, वर एकाचं हलकं जॅकेट, टोपी ओढून नाडी आवळली आणि त्याला मध्ये घेऊन चालत ठेवलं. मंदिराजवळच्या झोपडीत चुलीपाशी गरम गोड चहा पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने तो नीट बोलायला लागला. ते जॅकेट दोनशे ग्रॅमचंही नव्हतं. पाणी त्यातूनही आत आलं असेल, पण वारा आला नाही. तेव्हापासून माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाची सॅक मी पायथ्याला उघडून बघते: एक वाऱ्याला अडवणारा थर आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा बनियन. नसेल तर खालीच थांबायचं.

यातूनच वापराची रीतही निघते. चढताना जॅकेट सॅकमध्ये, किंवा घातलंच तर सगळं उघडं. माथ्यावर पोचायच्या पाच मिनिटं आधी, अंग गरम असतानाच घालायचं आणि बंद करायचं. थंडी वाजल्यावर घालणं म्हणजे उशीर झाला. थांबलं की बंद, चाललं की उघडं.

टोपीकडे लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात. दुकानात टोपी चढवा, नाड्या आवळा आणि मान डावीकडे-उजवीकडे वळवा. टोपी मानेबरोबर वळली पाहिजे. ती जागेवर राहून तुमचा डोळाच आत गेला, तर घाटातल्या रस्त्यावर मागून येणारी गाडी तुम्हाला दिसणार नाही. पुढे कडक झडप हवी, नसेल तर आतून पळायची पुढे चोच असलेली टोपी घालून बसते का ते पाहा. डोळ्यांवर पाणी आलं नाही की निम्मा त्रास कमी होतो. माझे पळणारे पुण्याच्या सपाट रस्त्यावर पावसात नुसती ती टोपी घालून पळतात आणि तक्रार करत नाहीत.

वजन किती? पळण्यासाठी दीडशे ते अडीचशे ग्रॅम. यापेक्षा हलकी, शंभरच्या खालची मिळतात, पण ती सह्याद्रीसाठी मी सुचवणार नाही. धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. 7 किंवा 10 डेनियरचं कापड कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं. करवंदीच्या जाळीने किंवा घाणेरीच्या काट्याने पहिल्याच रविवारी ओरखडा निघतो. 20 डेनियरच्या आसपास घ्या. चाळीस-पन्नास ग्रॅम जास्त वाहाल, पण तीन पावसाळे निघतील.

माप घेताना आतल्या टी-शर्टवर घालून बघा आणि दोन्ही हात डोक्यावर घ्या. कंबर उघडी पडली किंवा बाही मनगटाच्या वर चढली तर एक माप मोठं. पण फार सैल नको. पळताना फडफडतं आणि वाऱ्यात शीड होतं. खालचे खिसे सॅकच्या कमरपट्ट्याखाली जात असतील तर छातीवर एक खिसा असू द्या. मोबाइल मात्र कुठल्याही खिशात उघडा ठेवू नका, तो पावसापेक्षा घामानेच जास्त भिजतो. रंग भगवा, लाल किंवा लिंबासारखा पिवळा. काळं आणि हिरवं जॅकेट धुक्यात हरवतं. पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्यावर पळणाऱ्याच्या पाठीवर उजेड पडताच चमकणारी पट्टी पाहिजेच, हे मी हात जोडून सांगते.

आता तुमच्या जून ते जानेवारीबद्दल.

जून ते ऑगस्ट, पुणे शहरात सपाटीवर पळताना जॅकेट घालूच नका. तापमान पंचवीसच्या आसपास, पाऊस बहुतेक दिवस भुरभुर. भिजा, तासाभरात घरी या, कपडे बदला. जॅकेट घातलंत तर आतून तितकेच भिजाल, वर तापाल. अपवाद दोन: वारा सुटलेला असेल, किंवा पळून झाल्यावर दुचाकीवरून घरी जायचं असेल. ओल्या अंगाने दुचाकीवर बसणं ही अंग गारठण्याची हमखास वाट. तेव्हा जॅकेट पिशवीत हवंच.

सिंहगड वेगळा. पुण्याहून गडाचा माथा साडेसातशे मीटर उंच, म्हणजे चार-पाच अंश थंड, आणि आतकरवाडीकडून चढताना झाडीत वारा नसतो पण पुणे दरवाज्यापाशी अंगावर येतो. वर सांगितलं तसं, घालायचं त्याच्या पाच मिनिटं आधी.

साताऱ्याची शर्यत यवतेश्वरच्या घाटाने चढत जाते आणि त्याच वाटेने उतरते. चढताना अंग पेटलेलं, उतरताना ओल्या अंगावर वारा. बहुतेकांना शर्यतीत जॅकेट लागत नाही. पण पहाटे सुरुवातीच्या जागी उभं राहायला आणि संपल्यावर गारठू नये म्हणून लागतं. शेवटी सामान जिथे मिळणार असेल तिथे कोरड्या टी-शर्टबरोबर ठेवा. तुम्ही अडीच तासांपेक्षा जास्त वेळ घेणार असाल तर कमरेच्या पट्ट्यात घेऊन पळा.

सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस फसवा. सकाळी कडक ऊन, दुपारी तीनला ईशान्येकडून काळं आभाळ, अर्धा तास झोडपून मोकळं. इथे जॅकेट मुठीएवढं घडी होतं का, याला महत्त्व येतं, कारण ते दिवसभर नुसतं वाहायचं असतं. स्वतःच्याच खिशात गुंडाळून चेन लागणारं घ्या. या पावसात विजा असतात. गडाच्या माथ्यावर, बुरुजावर किंवा एकट्या झाडाखाली असाल तर जॅकेट घालण्यात वेळ घालवू नका, आधी खाली या. मेमधल्या वळवालाही हेच लागू.

डिसेंबर-जानेवारीत मात्र मी तुमच्याशी असहमत आहे. पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, पण हवा कोरडी असते. त्या थंडीत पावसाळी जॅकेट घालून पळाल तर दहा मिनिटांत घामाने भिजाल आणि मग वेग कमी झाला की कुडकुडाल. तिथे हवं असतं साधं, लेप नसलेलं, पातळ विंडचीटर. वारा बराच अडवणारं आणि वाफ सहज सोडणारं. दोन्हींतला फरक ओळखायला कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. पलीकडे ठेवलेल्या तळहाताला थोडी हवा लागली तर ते थंडीचं, अजिबात लागली नाही तर पावसाचं. चार हजार एकाच जॅकेटवर घालवण्यापेक्षा तीन हजारांपर्यंतचं पावसाळी आणि उरलेल्यात हे पातळ, अशी विभागणी मी करीन. एकच घ्यायचं ठरवलंत तर पावसाळी घ्या आणि थंडीत ते फक्त थांबल्यावर घाला.

घरी आणल्यावर बिल फेकू नका आणि एक चाचणी करा. बाहीचा मधला भाग एका वाटीत द्रोणासारखा दाबून बसवा, त्यात अर्धी वाटी पाणी ओता आणि अर्धा तास सोडा. वाटीचा तळ कोरडा राहिला पाहिजे. मग तेच खांद्यावरच्या शिवणीशी करा. शिवणीला एक थेंबही आला तर जॅकेट परत करा, हा वापराचा दोष नाही.

आणि तुमचं जुनं विंडचीटर. ते आतून ओलं का होतं, हे आधी शोधायचं. बाहेरच्या कापडावर पाणी शिंपडा. थेंब गोल मोत्यासारखे घरंगळले, तर पाणी नको म्हणणारा वरचा लेप जिवंत आहे आणि ओल घामाची आहे. पाणी पसरून कापड गडद पडत असेल, तर तो लेप झोपलाय. धूळ, अंगाचं तेल, उन्हासाठी लावलेलं क्रीम, कपडे धुण्याच्या पावडरीचा उरलेला अंश, यांनी तो झाकला जातो. पूर्वी या लेपांत फ्लोरिनची रसायनं असायची, हल्ली फ्लोरिन नसलेले लेप वापरतात. पर्यावरणासाठी ते चांगलंच आहे. कॅलिफोर्नियात तर 2025 च्या सुरुवातीपासून बहुतेक कपड्यांत ती जुनी रसायनं वापरायला बंदी आहे. पण नवे लेप तेलाला लवकर बळी पडतात, म्हणून जॅकेट अधूनमधून धुवायलाच हवं. न धुतल्याने ते टिकतं हा गैरसमज आहे.

कोमट पाणी, अगदी थोडा सौम्य द्रव साबण, हाताने. कपडे मऊ करणारं द्रव चुकूनही नको. तीन पाण्यांतून खळबळून काढायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं. वाळल्यावर, लेबलवर इस्त्रीची परवानगी असेल तर, वर सुती पंचा टाकून सगळ्यांत कमी उष्णतेवर इस्त्री फिरवा. उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. मग परत पाणी शिंपडून बघा. नाहीच जमलं तर बाजारात फवारायचं द्रव मिळतं, तेही दोन-तीनदा चालतं.

आतून मात्र वेगळी तपासणी. आतल्या बाजूवर बोट फिरवा. चिकट लागतंय, उग्र वास येतोय किंवा लेपाचे पापुद्रे सुटून बोटाला येतायत? मग तो पॉलीयुरेथेनचा लेप दमटपणाने विरलाय आणि त्यावर इलाज नाही. आपल्या हवेत हे फार लवकर होतं, आणि होतं ते वापरल्याने नाही, ओलं जॅकेट सॅकमध्ये किंवा गाडीच्या डिकीत आठवडाभर गुंडाळून ठेवल्याने. ट्रेकवरून आल्या रात्री, कितीही दमलात तरी, ते दोरीवर टाका. पावसाळा संपला की पूर्ण वाळवून हँगरला मोकळं लटकवा; घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत नाही.

तुमच्या जुन्याचा आतला लेप शाबूत निघाला आणि फक्त बाहेरचाच झोपलेला असेल, तर हा पावसाळा त्याच्यावरच काढा. बगलेत चेन नसेल तर नेहमीच्या शिंप्याकडे नेऊ नका, नव्या शिवणीला टेप लावायची सोय त्याच्याकडे नसते. चढताना पुढची चेन उघडी ठेवून काम भागवा. नवं जॅकेट ऑक्टोबरनंतर बघा, तेव्हा पावसाळी माल दुकानांना काढून टाकायचा असतो आणि तुमच्या चार हजारांत बगलेत चेन असलेलं मिळण्याची शक्यता जूनपेक्षा जास्त असते. लेप सुटला असेल तर मात्र वाट बघू नका. पुढच्या रविवारी सिंहगडावर जायच्या आधी नवं घ्या, आणि तोवर कोरडा बनियन पिशवीत बांधून ठेवा.